कुड्याची साल आणि नागपूरची सलाईन

माझ्या गळ्यातल्या थायरॉईडच्या कॅन्सरनं ऑपरेशनला दाद दिली नाही, आयोडीनच्या औषधालाही नाही. मग नागपूरच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी लावली. दर तीन आठवड्यांनी एटापल्लीहून जायचं आणि हाताला सलाईन लावून घ्यायची. मला समजलं ते असं: धान राखणारा माणूस झोपला की रानडुक्कर शेत खातं. हे औषध त्या राखणदाराला उठवतं. पण दचकून उठलेला राखणदार कधी घरच्या बैलालाच काठी हाणतो. म्हणून सिस्टरनं बजावलं होतं, "आजी, जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करा. घरचं औषध घेऊ नका."

चौथ्या सलाईननंतर जुलाब लागले. मी फोन केला नाही. गाठ लहान होत चालली होती. जुलाबाचं कळलं की औषध बंद करतील, ही भीती.

चाळिशीत मी स्वतःला गावाची अर्धी डॉक्टर समजायची. कुणाचं पोट बिघडलं की निघाले कोयता घेऊन कुड्याच्या झाडाकडे. साल ताकात उगाळून पाजायची. लोक बहुतेक आपोआप बरे व्हायचे, श्रेय मात्र मी घ्यायची. एकदा दवाखान्यातल्या नर्सबाईलाच पाजली आणि वर्षभर ते सांगत फिरले. तीच दीडशहाणी आता पुन्हा माझ्या अंगात शिरली.

चौथ्या दिवशी सुनेनं मला सहाणेपाशी पकडलं.

"आई, काय उगाळून राह्यल्या?"

"चंदन."

"ताकात?"

"देवाले गरमी होऊन राह्यली."

ती हसली नाही. "आज कितीदा जाऊन आल्या?"

"मोजाले मी का पटवारी आहो?"

"मी मोजलं. आठदा. फोन काऊन नाई केला?"

"ते औषध बंद करतील." इतके दिवस पोटात ठेवलेलं तोंडातून निघालं. "मंग गाठ वाढन."

ती माझ्याशेजारी खाली बसली. मग माझ्याच पदराला हात पुसून तिनं नंबर लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा."

सिस्टरनं विचारलं, "रक्त पडतं का?"

सुनेला हे ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "पडते. दोन दिवसांपासून."

"घरचं काही घेतलं?"

"कुड्याची साल. चार दिवस."

सिस्टर म्हणाली, "आजच्या आज निघा."

नागपूरला भरती केलं. आतड्याला सूज होती. सालीनं त्रास थोडा झाकला, सूज वाढतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. आता स्टेरॉईड चालू आहे, सलाईन थांबवली आहे.

"पुन्हा सुरू करसान ना, साहेब?"

"आधी पोट बरं होऊ द्या. मग ठरवू."

रोज सकाळी सिस्टर विचारते, कितीदा. मी खरा आकडा सांगते, आणि तो कागदावर लिहीपर्यंत तिचा चेहरा बघत राहते.