मृदुभाषी नसलेली रेजिना

"मॅडम, वो रेजिना मॅडम... खलास."

फोनवर नवऱ्याच्या कंपनीतला, व्हिसा-पासपोर्टची कामं बघणारा माणूस होता. दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दुपारच्या वरणाला फोडणी देत होते. खलास! भाजी संपली, टॅक्सी मिळाली नाही, सिमेंटची गोणी रिकामी झाली, की इथं सगळे हाच शब्द वापरतात. माणसालाही तोच. मला त्या शब्दाची इतकी शिसारी आली, की रडू यायच्या आधी मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, फॉर्म में आपका नाम है, इसलिए फोन किया." काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, त्या रकान्यात रेजिनानं माझं नाव आणि नंबर लिहिला होता. आम्ही दोन वर्षं एकमेकींशी धड बोललो नव्हतो. तिनं तो रकाना बदलला नव्हता.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. रेजिना गेल्यावर तिच्याबद्दल जे जे बोललं गेलं, त्यातलं काहीच तिचं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

रेजिना वसईची. वाडीतल्या मराठी शाळेत शिकलेली, मग चर्चगेटला टायपिंगची नोकरी, आणि नव्वदच्या सुमाराला दुबईत. कंपनी मोठी, इमारती बांधणारी. माझा नवरा तिथं खरेदी विभागात आणि रेजिना हेड ऑफिसात टेलिफोनवर. मी पहिल्यांदा तिला भेटले ते कंपनीच्या फॅमिली पिकनिकला. कुणीतरी पुरणपोळी म्हणून जाड, पांढरट काहीतरी वाढलं होतं आणि सगळे "वा, वा" करत खात होते. शेजारच्या खुर्चीतली ठेंगणी, कुरळ्या केसांची बाई मोठ्यानं म्हणाली, "शी! ही पुरणपोळी नाही, हा पुठ्ठा आहे." करणारी बाई समोरच बसली होती. मी हसू दाबताना पाणी सांडलं. तिथून आमची मैत्री. लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "बघायला आलेले सगळे आधी माझ्या पगाराबद्दल विचारायचे. शी!"

हा 'शी' तिच्या तोंडात कायम असे. खोट्याची तिला अंगावर पाल पडावी तशी किळस यायची. माझी मुलगी लहान असताना तिला 'शाउटिंग आन्टी' म्हणायची.

कंपनीचे शेकडो कामगार शारजाच्या औद्योगिक भागातल्या कॅम्पात राहत. त्यात कोकणातले बरेच. त्यांच्यापैकी कुणी गेलं, की मृतदेहासोबत घरच्यांना कंपनीचं एक पत्र जाई. आधीच टाइप करून ठेवलेलं, फक्त नाव बदलायचं. 'आपला प्रिय मुलगा किंवा पती आमच्या कुटुंबाचा सदस्य होता, हसतमुख होता, मृदुभाषी होता.' एकदा फॅक्सच्या ट्रेमध्ये रेजिनाला असं एक पत्र दिसलं. मुंबईच्या ऑफिसमार्फत, गुहागरकडच्या यशवंत गावणंग नावाच्या सुताराच्या बायकोला पाठवलेलं. वरती यशवंतचं नाव बरोबर होतं, खाली दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या माणसाचं तसंच राहिलं होतं, 'सलीमची उणीव आम्हाला सदैव भासेल.' तिनं ते पत्र नेऊन साहेबांच्या टेबलावर आपटलं. साहेब पुण्याचे, वागायला अतिशय सभ्य. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अरेरे. नाव बदला आणि परत फॅक्स करा ना."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चहाचा कप समोर गार होईपर्यंत बोलत राहिली. "एका बाईचा नवरा मेलाय आणि तिला दुसऱ्याच माणसाची आठवण पाठवतायत! आणि यांना साधी लाजही वाटत नाही गं. शुक्रवारी माझ्याबरोबर कॅम्पात चल."

"मी कशाला?"

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं चांगलं आहे."

शुक्रवारी सुट्टी असायची. आम्ही दोघी शारजाला गेलो. एका खोलीत बाराजण, दुमजली खाटा, दोरीवर ओले बनियन, आणि बाहेरच्या गटाराचा वास. मी नाकाला पदर लावला, तर रेजिनानं माझ्या हातावर चापट मारली. यशवंतची खाट अजून रिकामी होती. आम्हाला बघून माणसं ताडकन उभी राहिली. यशवंतबद्दल विचारल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, "चांगला माणूस होता, मॅडम."

"शी! चांगला म्हणजे काय? चांगला तर साबणही असतो," रेजिना म्हणाली. "काय करायचा ते सांगा. कशावरून भांडायचा?"

कोपऱ्यातला एकजण हळूच म्हणाला, "लोणचं चोरायचा." आणि सगळी खोली हसली. त्यानंतर मला लिहायला वेळ पुरेना. यशवंत दुसऱ्यांच्या बरणीतलं लोणचं खायचा आणि विचारलं तर देवाची शपथ घ्यायचा. सिमेंटच्या वासाचा त्याला तिटकारा, म्हणून कामावरून आल्याबरोबर कितीही रांग असो, शर्ट धुतल्याशिवाय जेवायचा नाही. खिडकीतल्या एसीचं पाणी ठिबकायचं तिथं त्यानं रंगाच्या डब्यात कोथिंबीर लावली होती आणि पान तोडणाऱ्याला शिव्या द्यायचा. गावच्या नमनाच्या खेळात तो गौळण व्हायचा. इथंही शिमग्याला टॉवेलाचा पदर घेऊन नाचला होता.

हे सगळं मी चार पानांत लिहिलं आणि गावी पाठवलं. दोन महिन्यांनी त्याच्या बायकोचं उत्तर आलं, शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं. 'कोथिंबिरीचे वाचून नवल वाटले. इथे असताना कधी परसात पाणी घातले नाही. लोणच्याचे खरे आहे. आमच्याकडे पण चोरायचे.' रेजिनानं ते पत्र तीनदा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लगेच म्हणाली, "बघतेस काय? लिफाफे आण."

पुढची चार-पाच वर्षं आम्ही हे केलं. तिकडच्या गावांतून फोन येऊ लागले, 'ताई, आमच्या भावाचं पण लिहाल का?' ज्यांच्याबद्दल लिहिलं ते सगळे काही गोड नव्हते. एकजण दारू प्यायचा, एकजण घरी पत्रच टाकायचा नाही. रेजिना तेही लिहायला लावायची. "पण त्यातलं मायेचं काय ते शोधून लिही. माया खोटी लिहू नकोस," असं बजावायची.

मग शंकर नावाचा माणूस गेला. तिशीतला, लोखंड बांधणारा. खोलीतल्या लोकांनी सांगितलं, की त्याच्या छातीत दोन दिवस दुखत होतं. त्यानं फोरमनला सांगितलं. फोरमन म्हणाला, "नाटक मत कर, यल्ला, काम पे चल." तिसऱ्या दिवशी भर उन्हात तो सळ्यांवरच पडला. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. "हे नको, रेजिना."

"का?"

"घरच्यांना उगाच त्रास."

"त्यांना त्रास होईल म्हणून, का तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून?"

मी पेन उचललं. लिहिलं. माझ्याच अक्षरात. शंकरच्या वडिलांनी ते पत्र कुणा वकिलाला दाखवलं आणि त्याची प्रत फिरत फिरत साहेबांच्या टेबलावर आली. साहेबांनी रेजिनाला आत बोलावलं. माझा नवरा कसल्याशा कागदावर सही घ्यायला तिथंच उभा होता. साहेबांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" रेजिना म्हणाली, "मी." साहेब म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं." माझ्या नवऱ्यानं ते अक्षर ओळखलं. वाण्याच्या यादीपासून मुलीच्या वहीच्या कव्हरापर्यंत रोज बघत होता तो. त्यानं खाली मान घातली आणि सही घेऊन बाहेर आला. घरी येऊन मला हे सांगितलं, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. मी त्याला वाढलं, स्वतःही जेवले. व्यवस्थित, पोटभर.

रेजिनाला काढलं नाही. काढलं असतं तर बोभाटा झाला असता. तिला शारजाच्या गोदामात पाठवलं. पत्र्याची शेड, एक टेबल, एक पंखा. कामगारांना हातमोजे आणि हेल्मेट द्यायची आणि रजिस्टरवर अंगठे घ्यायचे. आणि मी कॅम्पात जाणं बंद केलं. मुलीची परीक्षा, पाहुणे, कंबरदुखी... कारणं मिळत गेली. दोन-तीनदा तिचा फोन आला तेव्हा मी मुलीला 'आई घरी नाही म्हणून सांग' असं खुणावलं. "मम्मा, यू आर स्टँडिंग राइट हिअर," मुलगी म्हणाली. फोनच्या पलीकडे ते ऐकू गेलंच असणार.

त्यानंतर ती एकदाच घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "साहेबाला घाबरलीस ते समजू शकते मी. पण फोनवर मुलीला खोटं बोलायला लावलंस, त्याची मला किळस आली. तेवढं सांगायला आले." आणि जिना उतरून गेली.

ती पत्र्याच्या शेडमध्ये, ऐन ऑगस्टमध्ये, हेल्मेटांच्या ढिगाशेजारी पडली. हातमोजे घ्यायला आलेल्या माणसांनीच तिला उचललं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या धाकट्या भावाला फोन मी केला. नंतर ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये शोकसभा झाली. कुठल्याशा मीटिंगमधले उरलेले समोसे टेबलावर तसेच होते आणि दोघंतिघं उभ्याउभ्या खात होते. कॅम्पातल्या एकाही माणसाला बोलावलं नव्हतं. साहेब बोलायला उठले. "रेजिना म्हणजे आपल्या फॅमिलीची मेंबर. कायम हसतमुख. मृदुभाषी. तिनं कधी कुणाचं मन दुखावलं नाही." लोक माना हलवत होते. ज्या बाईला त्यांनी पत्र्याखाली भाजत ठेवलं, तिच्यावर ते शब्द जेवणानंतर हात पुसावेत तसे पुसले जात होते. मग साहेब माझ्याकडे वळले, "वहिनी, तुम्ही जवळच्या. दोन शब्द बोला."

मी उठले. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. समोर माझा नवरा बसला होता, बुटांकडे बघत. मी म्हणाले, "रेजिना खूप... छान होती." आणि बसले. घरी आल्यावर बाथरूममध्ये जाऊन मला खरोखर उलटी झाली.

पंधरा दिवसांनी मी एकटीच भारतात गेले आणि थेट वसई गाठली. नवऱ्याला सांगितलं, मी सगळं सांगणार आहे आणि नंतर लिहिणारही आहे, माझ्या नावानिशी. तो म्हणाला, "छापून आलं तर?" मी म्हणाले, "येऊ दे." मग त्यानंच मला विमानतळावर सोडलं. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

रेजिनाचं घर केळीच्या वाडीत होतं. तिची आई ऐंशीच्या पुढची, लाल चौकडीच्या लुगड्यातली, ताठ बसलेली. तिनं माझं नाव विचारलं आणि मुलाला म्हणाली, "आण ते पत्र." भावानं कंपनीचं पत्र आणलं. इंग्रजीतलं पत्र तो आईला मराठीत सांगू लागला, 'हसतमुख होती... मृदुभाषी होती...'

"थांब," म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, हे मी चारदा ऐकलं. हे कुणा दुसरीचं पत्र आहे. शवपेटी तर आम्ही उघडून बघितली, ती आमचीच होती. मग हे असं का लिहिलंय?"

मी सांगायला सुरुवात केली. पुठ्ठ्यासारखी पुरणपोळी, साहेबांपुढे आपटलेला फॅक्स, 'चांगला तर साबणही असतो', लोणचं चोरणारा यशवंत, पत्र्याची शेड. भाऊ मधेच हसला आणि मग तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. त्याला वाटत होतं, बहीण तिकडे नुसती टेलिफोन घेते. म्हातारीचा चेहरा मात्र हळूहळू सैल होत गेला. म्हणाली, "सात वर्षांची होती. भावाला माशाची मोठी तुकडी वाढली म्हणून ताट उचलून विहिरीकडे भिरकावलं होतं. वर मलाच म्हणाली, शी!"

"तिथंही तसंच म्हणायची."

"मग हीच ती. हीच माझी."

मी तिथंच थांबू शकले असते. म्हातारीचं समाधान झालं होतं. पण शंकरचं पत्र, माझं अक्षर, टाळलेले फोन, शोकसभेतलं ते 'छान होती', हेही सांगितलं. तिनं मला मधे थांबवलं नाही, मान हलवली नाही, 'जाऊ दे' म्हणाली नाही. माझं बोलणं संपल्यावर विचारलं, "तिनं तुला काय म्हटलं?"

"किळस आली, म्हणाली."

म्हातारीनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे थेट रेजिनाचे.

"बरोबर म्हणाली," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. भात, बोंबलाचं कालवण. "जेव. आणि जेवताना सांग, पडली तेव्हा जवळ कोण होतं? त्यांची नावं काय?"

मला फक्त एकाचं नाव ठाऊक होतं. बाकीच्यांची मी विचारलीच नव्हती. तसं मी तिला सांगितलं.

"मग विचारून ये," म्हातारी म्हणाली.