वॉचमनची चाल

कामोठ्याला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एकजण घरीच गाणी बनवून रेकॉर्ड करतो. नाव मला माहीत नाही. दारावर पाटी नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने भिंतींना गाद्या लावल्यात आणि गरम होतं म्हणून खिडकी उघडी ठेवलीय. कानाला हेडफोन असतो. त्यामुळे संगीत त्याला एकट्याला आणि नुसता आवाज अख्ख्या सोसायटीला. एकच ओळ तो कितीतरी दिवस गात होता.

एकदा लिफ्टमध्ये मी ती सहज गुणगुणलो. त्याचा चेहराच उतरला.

"काका, ही चाल कुठं ऐकली?"

"तुमच्याच खिडकीतून."

"खाली वॉचमन पण हीच गातो. सगळ्यांना एवढी पटकन येते म्हणजे ओरिजिनल नसणार."

त्याने ती चाल टाकून दिली. आता नवी चाललीय, ती कुणालाच जमत नाही. तो समाधानी आहे.

परवा लिफ्टच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरून तो जुनीच गुणगुणत होता.

"ही कुठली हो?" मी विचारलं.

"वॉचमन गातो ती," तो म्हणाला. "अशी एखादी आपल्याला सुचायला पाहिजे, काका."