पाच-पाचवर थांबलेली मॅच

बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत झाली. चुका असतील त्या असोत.

मी सोफ्याचा कारागीर. नव्वद सालानंतर मस्कतला गेलो, तिथल्या रुवी भागात एका फर्निचरवाल्याकडे. पुढे आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, तिथेच एका इमारतीच्या तळघरात पूल खेळायचा क्लब काढला. सहा टेबलं मागवली. त्यांच्यावर कापड ताणून बसवणारा माणूस दुबईहून येणार होता, तो काही आला नाही. अर्बाब मला म्हणाला, "सोफ्याला कापड लावतोस ना? मग याला लाव. यल्ला, चल."

पहिली दोन कापडं फुकट घालवली, तिसरं बसलं. मग ते कामच माझ्या गळ्यात पडलं. खाली तीन दगडी लाद्या असतात, त्यांचे सांधे मेणाने भरायचे, लेव्हल लावायची, मग वर कापड ओढायचं. कापडाला एक जरी सुरकुती राहिली तरी बॉल वाकडा जातो. आणि हे एकट्याचं काम नाही. समोरून कोणीतरी तितक्याच जोराने ओढावं लागतं. कमी-जास्त झालं की बिघडलं.

मुलीचं लग्न झाल्यावर अर्बाबने बायकोचा व्हिसा करून दिला. माझ्या पगारात तो बसत नव्हता, त्याने पगार कागदावर वाढवून दाखवला. त्याचे उपकार होते, नाही म्हणत नाही. आम्ही दोन खोल्यांत राहायचो. खिडकीतून पार्किंग आणि उघडा डोंगर. ती दिवसभर एकटी. म्हणून सकाळी क्लब बंद असताना मी तिला कापड ओढायला न्यायला लागलो. गोधडी झटकायची सवय असलेली बाई, तिच्या हाताचा ताण माझ्यापेक्षा सारखा होता. काम झाल्यावर ती टेबलाशी उभी राहून खेळणाऱ्यांचा सराव बघायची. तिला खेळ लवकर कळला.

नऊ बॉल असतात, नंबर घातलेले. आधी सगळ्यात लहान नंबराला मारायचं, आणि नवाचा बॉल पाडला की डाव जिंकला. बॉल पडत राहिला तोवर तुमचीच पाळी. आणि आमच्याकडे नियम असा की जो डाव जिंकेल त्यानेच पुढच्या डावाचा ब्रेक मारायचा, म्हणजे नऊ बॉलांची मांडलेली चौकट पांढऱ्या बॉलने फोडायची. एखाद्याचा हात बसला तर समोरचा खुर्चीवर बसला तो बसलाच.

"जो जिंकलो तोच परत पयलो मारतलो?" बायको म्हणाली. "मगे दुसऱ्यान काय बघीत बसूचा?"

"नियमच आसा तसो."

"पोरांच्या गोट्यांत पण बरो नियम असता."

क्लबात एक फिलिपिनो होता, अर्बाबने पगारावर ठेवलेला. त्याला आम्ही चॅम्पियनच म्हणायचो. बाहेरच्या देशांत खेळून आलेला पक्का व्यावसायिक खेळाडू. अर्बाब दरवर्षी आखातातले असे आठ-दहा जण बोलवायचा, मोठं बक्षीस ठेवायचा, आणि हा चार वर्षं ओळीने जिंकला होता. जो सारखा जिंकतो त्याच्याबरोबर कोणी खेळायला मागत नाही. दुपारी तो एकटाच बॉल मांडायचा, एकटाच फोडायचा. क्लबच्या वर एका खोलीत राहायचा. आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा मान खाली घालून माशाचे काटे काढायचा आणि ताट घासून ठेवूनच जायचा.

दुसरा होता कुवेतचा. तोही फिलिपिनो, वयाने मोठा, केस पांढरे व्हायला लागलेले. दरवर्षी फायनलला यायचा आणि हरायचा. तो बायकोला भाभी म्हणायचा आणि तोडक्यामोडक्या हिंदीत घरच्या गोष्टी सांगायचा. बायको त्याला दुसरा नंबरच म्हणायची, पण बाजू त्याचीच घ्यायची.

पाचव्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. सोफेवालाच करील अशी चूक.

नवीन कापडावर बॉल एकमेकांना चिकटून उभे राहत नाहीत, सरकतात. म्हणून चौकटीच्या जागी प्रत्येक बॉल ठेवून वरून हलकं ठोकतात. कापडाला बारीक खूण पडते, बॉल तिथे बसतो. सगळीकडे करतात. अर्बाब म्हणाला होता, पाहुण्यांसमोर बॉल मांडण्यात वेळ जायला नको. मी सोफ्याच्या पाठीला बटणं बसवतो तसा विचार केला. रेक्झिनचा तुकडा घेतला, लाकडी हातोडा घेतला आणि नऊच्या नऊ जागा चांगल्या दाबून बसवल्या. बॉल असे बसले की वाऱ्याने हलू नयेत. मला वाटलं, झकास काम झालं.

त्यानंतर दहा दिवस चॅम्पियनने त्याच टेबलावर सराव केला. कुवेतवाला बुधवारी आला, त्याला तासभर मिळाला.

फायनल गुरुवारी दुपारी. जो आधी अकरा डाव घेईल तो जिंकला. चौकट मांडायचं काम माझ्याकडेच होतं, दोघांपैकी कोणाचा मी नाही म्हणून. चॅम्पियनने फोडलं, उजव्या टोकाचा बॉल कोपऱ्याच्या भोकात गेला. बाकीचे त्याने एकेक करून उचलले. दुसरा डाव, तोच बॉल, तेच भोक. तिसरा, तेच. चौथ्याला तो जोरातसुद्धा मारत नव्हता. ढकलल्यासारखं मारायचा आणि बॉल वाट पाठ असल्यासारखा जायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाट मीच पाडली होती.

दोन डाव कुवेतवाल्याने कसेबसे घेतले. पाच-दोन असताना त्याला परत संधी आली. तो वाकला, मारलं, बॉल पडला. आणि त्याने काठी खाली ठेवली. त्याच्या शर्टाची बाही बाजूच्या बॉलला लागली होती. मी हातभर अंतरावर होतो, मला दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. त्याने हात वर करून फाऊल आपणच सांगितला आणि खुर्चीवर जाऊन बसला. मग उठायची वेळच आली नाही. अकरा-दोन.

मी प्रत्येक डावाला चौकट मांडत राहिलो. बॉल इंचभर पुढे मांडता आले असते. तोंड उघडता आलं असतं. अर्बाब पहिल्या रांगेत पाहुण्यांबरोबर बसला होता, आणि दोन महिन्यांनी बायकोचा व्हिसा नव्याने करायचा होता. मी गप्प राहिलो.

बायको मागे चहाच्या टेबलाशी बसली होती. घरी जाताना म्हणाली, "तो कोपऱ्यातलो बॉल दरखेपेक थयच कसो पडलो?"

"चॅम्पियन आसा तो."

"तुमी कायतरी केलात."

"तुका काय कळता त्यातला?"

"माका कापड कळता," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी कुवेतवाला निरोप घ्यायला आला. संध्याकाळी विमान होतं. बायकोने घावणे केले. दोन खाल्ले आणि म्हणाला, "भाभी, हे शेवटचे. आता येणार नाही. पाच वर्षं बघितलं. काल नऊ डावांनी हरलो. एवढा फरक असेल तर मी खेळाडूच नाही. भावाचं गोदाम आहे, तिथे लागतो."

रडत नव्हता. भाव ठरल्यासारखं सांगत होता. बायकोने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तेका सांगा."

"गप ऱ्हव. अर्बाबाक कळला तर तुका गावाक धाडीत."

"धाडल्यान तर जाईन. घर आसा ना आपला. पण ह्यो माणूस खोट्यावर उठान जाता हा."

त्याला आमची भाषा कळत नव्हती. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं. हिंदीत, एका दमात. हातोडा, रेक्झिन, नऊ खळगे, सगळं.

मला वाटलं चिडेल. त्याने विचारलं, "किती खोल?" मी नखाने दाखवलं. तो उठून हात धुऊन आला. "चल, बघू."

शुक्रवारी क्लब पाचला उघडायचा. किल्ली माझ्याकडे असायची. बायकोही बरोबर आली. त्याने बॉल मांडले आणि दहा वेळा फोडले. आठ वेळा तोच बॉल त्याच भोकात. मग खळगे सोडून थोडं पुढे मांडून दहा वेळा फोडले, तर दोनदाच गेला. तो कापडावर बोट फिरवत राहिला. "हे मला दिसायला पाहिजे होतं," म्हणाला. "माझीच चूक."

आवाज ऐकून चॅम्पियन वरून खाली आला, बनियनवरच. दोघे आपल्या भाषेत बोलले. आवाज चढले नाहीत. मग चॅम्पियन माझ्याकडे वळला.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"टेबल ओळखणं हाच तर खेळ आहे. वाटलं, त्यालाही कळेल." त्याने एक बॉल उचलून खळग्यात ठेवला. "पण हे बाहेर कळलं तर माझ्या आधीच्या चार वर्षांबद्दल पण लोक तसंच म्हणतील. कापड बदल, परत खेळू. मलाही बघायचंय."

नवीन गुंडाळी कपाटात होती. पुढच्या मोसमासाठी आणलेली, अर्बाबची. मी बायकोकडे बघितलं. ती पदर खोचून टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती.

आम्ही चौघांनी जुनं कापड उतरवलं. नवीन ओढायला मात्र मी आणि तीच. इतकं बरं कापड मी परत कधी बसवलं नाही. दीड वाजला. खळगे पाडले नाहीत, बॉल हाताने धरून मांडले. बायको म्हणाली, आळीपाळीने फोडा. मी ते हिंदीत सांगितलं. दोघे हसले आणि कबूल झाले. जो आधी सात डाव घेईल तो जिंकला.

ती मॅच मी कधी विसरणार नाही. माणसं बघायला नव्हती, टाळ्या नव्हत्या. एसीची घरघर आणि बॉलांचा आवाज. कालचा ढकलून मारणारा चॅम्पियन आज दोन-दोन मिनिटं टेबलाभोवती फिरत होता. एक डाव हा घ्यायचा, एक तो. तीन-दोन, तीन-चार. कुवेतवाल्याचा चेहरा बदलला होता. खुर्चीवर बसायचा तेव्हासुद्धा पुढे वाकून बसायचा, कारण आता त्याला उठायला मिळणार होतं. चॅम्पियनच्या कपाळाला घाम होता. मधेच तो बायकोला म्हणाला, "भाभी, तुम्ही मला त्रासात टाकलं." पण त्याच्याइतका खूष माणूस मी त्या तळघरात बघितला नाही. चार वर्षांनी त्याला कोणीतरी सोबतीला मिळालं होतं.

पाच-पाच झालं. अकराव्या डावाला मी बॉल मांडत होतो तेवढ्यात जिन्यावरून माणसं उतरली. अर्बाब आणि कालचे दोन पाहुणे. त्यांना टेबल दाखवायला तो तासभर आधीच आला होता.

त्याने नवीन कापड बघितलं, कोपऱ्यात पडलेलं जुनं बघितलं. पाहुण्यांना वर चहाला पाठवलं. मग मला विचारलं, मी सगळं सांगितलं. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"टेबल माझं, कापड माझं, मॅच माझी," तो म्हणाला. "काल मी सगळ्यांसमोर कप दिला. आज तू माझ्या पाठीमागे तो परत खेळवतोस? मला येऊन सांगितलं असतंस तर?"

त्याचं बरोबर होतं. त्याला सांगता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चॅम्पियन म्हणाला, "अर्बाब, फक्त दोन-तीन डाव राहिलेत."

"खलास," अर्बाब म्हणाला. आणि बॉल मांडलेले तसेच राहिले.

कुवेतवाल्याने माझा हात धरला. म्हणाला, "नऊ डावांचा फरक नाही हे कळलं. किती आहे ते पुढच्या वर्षी बघू." बायकोला वाकून नमस्कार केला, तिच्याकडून शिकला होता तसा, आणि टॅक्सीत बसला.

पुढच्या वर्षी मॅच झालीच नाही. अर्बाबने टेबलं विकली. चॅम्पियन दुबईला गेला. कुवेतवाला खेळत राहिला की गोदामात लागला, मला माहीत नाही. चौकशी करायला नंबर नव्हता.

बायकोचा व्हिसा पुढे झाला नाही. अर्बाब ओरडला नाही, कामावरून काढलंही नाही. कागदावर पगार आता खरा लिहिणार, एवढंच म्हणाला. दोन महिन्यांनी तिला विमानात बसवली. मला त्याने मस्कतपासून लांब, सहम गावाला धाडलं, त्याच्या भावाच्या सोफ्याच्या कारखान्यात. तिथे मी आणखी नऊ वर्षं काढली. एक खोली, एक पलंग, बाहेर खजुराची झाडं. शुक्रवारी फोन लावायचा. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घर. आमचा संसार एका छपराखाली सगळा मिळून किती, ते मोजायला बसलो तर हाताच्या बोटांत संपतो. त्यात भर पडली असती ती नऊ वर्षं त्या कापडापायी गेली. हे मी तिला फोनवर एकदा बोललोसुद्धा, रागाने. ती म्हणाली, "माका ठावक होता. तुमका पण ठावक होता." पुढे तो विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

मॅचचा विषय मात्र ती काढायची. मी कायमचा घरी आलो त्यानंतरही. जेवताना मधेच म्हणायची, "दुसरोच जिंकतलो होतो." मी म्हणायचो, अकरावा ब्रेक चॅम्पियनचा होता, दोनच डाव हवे होते, तोच जिंकला असता. ती म्हणायची, घाम कोणाक इललो? मग आम्ही भांडायचो. शेजारची बाई विचारायची, कोर्टाचं काही चाललंय का तुमचं. शेवटच्या आजारात तिला नीट बोलता येत नव्हतं, तेव्हाही एकदा तिने दोन बोटं वर केली. दुसरा नंबर. मी म्हटलं, नाही, चॅम्पियन. एवढं तरी तिचं ऐकायला हवं होतं मी.

आता कधी दुपारी जेवताना मी तिच्या बाजूने बोलायला बघतो. त्याने फाऊल स्वतः सांगितला, त्याचा हात शांत होता, एवढं येतं. पुढे ती आणखी काहीतरी म्हणायची, ते काय ते मला आठवत नाही. मग ताट उचलतो.