कमरेले बांधलेली मोटार

आमच्या नवेगाव बांधच्या तलावात डोंग्याची, मंजे लहान नावेची, मोटार एकट्यानं काढनारा मानूस मीच. बाकीचे दोघं मिळून काढतेत, मनून त्याईची वर येते. माझी खाली गेली.

डोंगा माझा, मोटार साळ्याची. साळा मले द्याले तयार नव्हता. मानूस हुशार आहे. पन माझ्या बायकोनं, मंजे त्याच्या बहिनीनं, जबान देली, "होती तशी वापस देईन. नाई तं माहेरचा उंबरठा चढनार नाई." त्या दिवशी साळा मोटार न्याले येऊन राह्यला होता.

बायको काठावर उभी. म्हने, "डोंगा काठाले लावा. त्याले येऊ द्या, मंग दोघं मिळून उतरवा."

"कायले? मले काय हात नाईत?"

हात होते. बाकीचं सामान कमी होतं, थे मागाहून समजलं.

काठाले चिखल होता अन् मी धुतलेला पायजामा घातला होता, साळ्यासमोर इज्जत मनून. तं डोंगा छातीभर पान्यातच ठेवला. डोंग्यात बसूनच पेट्रोलची नळी काढली. मोटार मागच्या फळीले दोन स्क्रूनं आवळून असते. ते ढिल्ले कराच्या आधी मोटारीले दोरी बांधाची, एवढं मले मालूम होतं. दोरीचं दुसरं टोक कुठं बांधाचं, हे कोनी सांगतलं नव्हतं, अन् मी इचारनाऱ्यातला नव्हतो. शिंगाडे तोडताना आमी टोपलं कमरेले बांधून पान्यात फिरतो. हाताले तीच सवय. बांधलं कमरेले. गाठ अशी मारली का बैलही तोडनार नाई.

शिंगाड्याचं टोपलं तरंगते. मोटार तरंगत नाई. एवढ्यासाठी काई शाळेत जावं लागत नाई, पन मी कुठंच गेलो नव्हतो.

दुसरा स्क्रू सुटला, मोटारीनं मुंडकं खाली घातलं अन् गेली. तिच्या मागं मीही गेलो, बोलावल्यासारखा. वर आलो तं पाय चिखलात, पानी छातीले, अन् कमरेची दोरी खाली तानलेली. ओली गाठ सुटेना. खुट्याले बांधलेल्या म्हशीवानी उभा राह्यलो.

तेवढ्यात साळा आला. गाडी लावली, पाह्यलं, चपला काढल्या अन् पान्यात उतरला. "भाऊजी, लागलं तं नाई ना? थांबा, पयले तुमाले सोडतो."

काठावरून बायको वरडली, "गाठ सोडू नको रे! मोटारीचा पत्ता तेवढाच आहे!"

साळ्यानं दोरी धरून मोटार काठावर ओढत आनली. मी सोबत घासत आलो. त्यानं प्लग खोलला, पानी काढलं, पुसलं, उन्हात ठेवलं. बायको तोंडाले पदर लावून बसली होती. माझ्याकडं नाई, मोटारीकडं पाहून राह्यली होती. साळा मोटार चालू कराची रस्सी ओढे, मोटार नुसती फुसफुस करे. पुन्हा ओढे, पुन्हा फुस. मंग एकदम धूर टाकून चालू झाली. बायकोनं डोळे पुसले.

मले वाटलं, आता बोलाले हरकत नाई. म्हटलं, "पाह्य, दोरी बांधली मनूनच तं वाचली."

बायको उठली. "दोरी झाडाले बांधाची असते. झाडाले तुमच्याएवढीही अक्कल नसते, पन थे पान्यात पडत नाई."