गोळीनंतर उठलेलं पित्त

मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे, तिथे एक बाई बसतात. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर त्या बॉलपेननं वेळा लिहितात आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्यानं वाचून घेतात.

माझ्या आतड्यांना संसर्ग झाला होता. जुलाबांचं नाव काढायचीच मला लाज, म्हणून मी डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. अँटिबायोटिक त्या बाईंकडूनच घेतलं, पण ते सुरू झाल्याचं आईलाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ओआरएस घ्यायला गेले, तर त्यांनी माझं लालसर मनगट धरूनच ठेवलं.

"आमसूल चोळलंस काय गो?"

"आईनं चोळलं. पित्त उठलंय."

"गोळीच्या आधी उठलं की नंतर?"

"नंतर."

"मग गोळी सोसली नसेल तुला. पुढची घेऊ नको. ओठ सुजलेत? दम लागतो?"

मागे दोन खलाशी उभे होते. मी नुसती मान हलवली.

"लाजायला आयुष्य पडलंय. तोंडानं बोल."

"नाही लागत."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला आणि खलाशांना म्हणाल्या, "तुम्ही जरा तिकडे बघा रे."

मी जुलाबांपासून पुरळापर्यंत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि लगेच दवाखान्यात बोलावलं. मी निघाले तरी ते दोघे टूथपेस्टची जाहिरात परीक्षेला असल्यासारखी वाचत होते.