टेपचा कान

माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा पिंडाजवळ उतरला होता आणि मी तो उडवला. दौंडात आजही कुणाशी माझी ओळख करून देताना हे आधी सांगतात, मग माझं नाव, मग गाव. चूक माझ्या एकट्याची नव्हती. गाडीतल्या टचस्क्रीनचाही त्यात वाटा होता. पण घाटावर जमलेल्या माणसांना टचस्क्रीनवर डोळे वटारता येत नाहीत, जावयावर येतात.

तर मुळापासून सांगतो.

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्याला माझं पाईप-फिटिंगचं दुकान आहे. नव्वदनंतर ते जरा बरं चालायला लागलं, तसं मला वाटलं की आपण आता मोठे झालो, आणि मी एक जुनी जीप घेतली. त्या जीपमध्ये इंजिनापेक्षा धडधाकट होता तो कॅसेटचा टेप. रेडिओही त्यातच. दोन टोकांना दोन गोल बटणं, डावं आवाजाचं, उजवं स्टेशनचं. आमच्याकडं त्याला कान म्हणतात. रेडिओचा कान पिळला की तो बोलायला लागतो, पोरांचा पिळला की ती गप्प बसतात, एवढाच काय तो फरक.

सासरे दौंडचे, रेल्वेतले. केबिनमध्ये उभं राहून लोखंडी दांडे ओढायचे आणि गाड्यांचे रूळ बदलून द्यायचे, हे त्यांचं हयातभराचं काम. निवृत्त झाले तरी हाताला काहीतरी धरायला लागायचंच. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला पाव्हणं. जीपमध्ये मामा पुढच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या कानावर जायचा. नजर बाहेर, कुणाचा ऊस किती वाढला ते बघण्यात, आणि हात कानावर. देऊळ आलं की आवाज कमी. शाळा आली की कमी. केडगावचं रेल्वे फाटक आलं की आवाज पार शून्यावर, फाटक उघडं असो की बंद. का, तर "गाडीचा आवाज आधी कानावर आला पायजे, पाव्हणं. गाणं काय, माघारी येतंय."

आवाज कमी व्हायचं आणखी एक कारण होतं. मामांना मला चार शब्द सुनवायचे असले, की.

गाणं ऐन रंगात आलेलं असायचं आणि ते हळूहळू विझायला लागायचं. मी स्टिअरिंग घट्ट धरायचो.

"पाव्हणं, पोरीला म्हायेराला धाडाया दिवाळीच लागती व्हय तुमाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडायचो, की कान उलटा फिरायचा आणि गाणं पुन्हा भरात यायचं. इतकी साधी, इतकी परिणामकारक यंत्रणा मी नंतर कुठं पाहिली नाही. न्यायाधीशाला असा एक कान दिला तर वकिलांचे दिवस भरलेच म्हणायचे.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी मला प्रगती सुचली. शेजारच्या दुकानदारानं आपल्या गाडीत टचस्क्रीन बसवला होता आणि तो गिऱ्हाइकांना रस्त्यावर नेऊन दाखवायचा. मी दिवसभर लोकांना सांगणारा माणूस, "व्हॉल्व्ह पितळीच घ्या आबा, चावी हातात बसली पाहिजे." तोच मी पुण्याला गेलो आणि चावी नसलेली वस्तू पसंत करून आलो. बसवणारा म्हणाला, "साहेब, बटणांचा जमाना गेला. नुसतं बोट लावायचं." मी पण मग साहेबासारखा वागलो. म्हणालो, "गाडीची चावी काढली तरी गाणं चालू राहिलं पाहिजे. चार माणसं झाडाखाली बसली तर ऐकतील." त्यानं वायर सरळ बॅटरीला जोडून दिली. या एका हुशारीसाठी मी त्याला वर चहा पाजला, हे ध्यानात ठेवा.

टचस्क्रीन सुरू झाला की आधी एक धबधबा दिसायचा. आमच्या तालुक्यात निम्म्या गावांना टँकर, आणि जीपमध्ये बारमाही धबधबा. मग चौकोनी चित्रं यायची. एक रेडिओचं, एक पिक्चरचं, एक कर्ण्याचं. कर्ण्यावर फुली आली की तो मुका झाला असं समजायचं. ही सगळी सोय सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत. ऊन चढलं की काचेवर फक्त माझं तोंड दिसायचं, तेही घामेजलेलं. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता असा होता की बोट कर्ण्याकडं निघायचं आणि पोचायचं पिक्चरवर. पहिला उन्हाळा झाल्यावर तर काचेचीच नजर फिरली. बोट लावावं एकीकडं आणि कळ दाबली जावी चार बोटं पलीकडं. आवाज कमी करायचा तर धबधब्याच्या पायथ्याशी दाबायचं, हे मला अंदाजानं पाठ झालं होतं. सोबत बिस्किटाएवढा रिमोट होता. तो हरवू नये म्हणून बायकोनं घरात कपाटात ठेवला होता. हरवला नाही. वापरलाही नाही.

मामा पहिल्यांदा त्या नव्या थाटात बसले तेव्हा त्यांचा हात सवयीनं पुढं गेला आणि गुळगुळीत काचेवरून घसरला. त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"पाव्हणं, कान कुठं गेला?"

"मामा, आता कान नाही. बोट लावायचं."

त्यांनी बोट लावलं. रेडिओच्या जागी पिक्चर आला. पुन्हा लावलं, धबधबा आला. तेवढ्यात केडगावचं फाटक आलं आणि गाणं ठणाणा चालूच राहिलं. मामांनी फाटक ओलांडेपर्यंत चक्क आपल्याच कानात बोटं घातली.

"ह्येला बघायचं का रस्त्याला बघायचं?" ते म्हणाले.

"सवय होईल मामा."

"कुनाला? मला का त्या समोरच्या टरकाला?"

त्यानंतर ते मागच्या सीटवर बसायला लागले. पुढं या म्हटलं तर, "पुढं काय काम हाय माझं? तुमची टीव्ही तुमी बघा." मला सुनवणंही बंद झालं, आणि खरं सांगतो, गाडीत करमेना. एकदा त्यांनी मागून विचारलं, "जुना टेप इकला का काय?"

"नाही, दुकानाच्या माळ्यावर आहे."

"मग बशिवा की."

"बघू," मी म्हणालो. आपल्याकडं 'बघू' म्हणजे 'नाही', हे जावई-सासरे दोघांनाही ठाऊक असतं.

आणि मामा थोड्याशा आजारानं गेले.

आता दहाव्याचं सांगतो. ज्याची काही इच्छा मागं राहिली नाही त्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवतो, असं आमच्याकडं मानतात. नाही शिवला तर नातेवाईक एकेक करून हात जोडतात आणि मोठ्यानं शब्द देतात, की अमक्याचं लग्न करू, तमक्याला सांभाळू. कावळ्याला पटलं की तो येतो. सासूबाईंनी नऊ दिवस एकच धोशा लावला होता. "पयल्या दमात शिवला पायजे. न्हाई तर लोक म्हनतील, बायकूनं सुखात न्हाई ठिवला." सगळ्या संसाराचा निकाल एका कावळ्याच्या चोचीत होता आणि तो गावासमोर लागायचा होता. तिकडं त्यांचं जेवण तुटलं होतं. मुलगा समजावून थकला, माझी बायको समजावून थकली.

दहाव्याच्या सकाळी मी शिरूरहून निघालो. आदल्याच आठवड्यात माझी जीप तळेगाव ढमढेऱ्याला एका हळदीत नाचून आली होती, त्यामुळे टचस्क्रीनचा आवाज अजून हळदीचाच होता. दुखवट्याला जाताना हे शोभत नाही म्हणून मी दारातच अंदाजानं बोट लावलं. पहिल्याच फटक्यात कर्ण्यावर फुली आली. तो मुका झाला. असं यश मला क्वचितच मिळतं, म्हणून मी त्याला पुन्हा हात लावला नाही.

दौंडला भीमेच्या घाटावर ही गर्दी. रेल्वेतली जुनी माणसं, पाटसकडचे पाव्हणे, आणि श्रद्धांजली वाहायला दोन पुढारी. त्यातल्या एकानं मामांबद्दल एक वाक्य आणि स्वतः मंजूर करून आणलेल्या रस्त्याबद्दल उरलेलं भाषण केलं. मग गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे मागं सरून गप्प उभे राहिले. सासूबाई बायकांत पुढं बसल्या होत्या, पदर तोंडाशी. लिंबावर दोन कावळे होते.

माझी जीप घाटाच्या वरच उभी होती. त्या शांततेत माझ्या मनात आलं, की आतला तो मुका झालाय, बंद नाही. वायर बॅटरीला सरळ आहे. कुठं चुकून बोलला तर? दुसरा कुणी असता तर देवाचं नाव घेऊन उभा राहिला असता. मी पडलो जबाबदार माणूस. गुपचूप वर गेलो, दार उघडलं, आणि केवळ खबरदारी म्हणून, तो नीट बंद करायला, काचेला बोट लावलं.

फुली गेली.

हळदीचं एक गाणं तळेगावातल्याच आवाजात सुरू झालं, ढोलासकट. त्याच क्षणी एक कावळा लिंबावरून खाली उतरून दोन उड्या मारत पिंडाकडं निघाला होता, हे मला नंतर निदान पन्नास माणसांनी सांगितलं. तो उडाला. दुसराही उडाला. घाटावरची सगळी डोकी माझ्याकडं वळली.

मी चावी फिरवली. चावीचा आणि त्याचा संबंध मीच चहा पाजून तोडला होता. मी काचेवर दिसेल तिथं दाबलं, आणि दिसत तर काहीच नव्हतं, ऊन काचेवर होतं. पिक्चर आला. धबधबा आला. अक्षरं चिनी झाली. आवाज वाढला.

"आरं बंद करा की त्ये!" मेहुणा खालून ओरडला. मेहुणा म्हणजे मामांचा मुलगा, ओल्या पंच्यात उभा.

"होत नाही!"

"मग काच फोडा!"

शेवटी मी बॉनेट उघडलं, दुकानातला पाना सीटखालून काढला आणि बॅटरीची वायरच सोडली. एकदम सामसूम झाली. मी बॉनेटआड जरा जास्तच वेळ उभा राहिलो. पण तिथं राहायला जाता येत नाही, म्हणून खाली आलो.

कावळे नदीपलीकडच्या झाडावर जाऊन बसले होते. मेहुण्यानं हात जोडले, "आप्पा, आईला जपतो." कावळा ढिम्म. बायकोनं शब्द दिला, की भाऊ-बहीण भांडणार नाही. कावळ्यालाच काय, मलाही ते पटलं नाही. पुढारी उगाच घड्याळ बघायला लागले. बायकांत कुजबुज सुरू झाली आणि सासूबाईंचा चेहरा असा उतरला, की मला त्या भीमेत जीपसकट जावंसं वाटलं.

आणि त्या उठल्या. सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "जावईबापू, फुडं या. त्येंचा जीव टेपात हाय. शबूद द्या."

"अहो पण..."

"द्या म्हंते ना!"

मग मी, पाईप-फिटिंगचा व्यापारी, शिकलेला माणूस, नदीपलीकडच्या एका पाखराला हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "मामा, चुकलं. टचस्क्रीन काढतो. जुना टेप बसवतो. कानासकट."

मागं कुणीतरी हसू दाबलं. रेल्वेतल्या म्हाताऱ्यांपैकी असणार.

कावळा आला. आता तो शब्द ऐकून आला की नुसतं शांत झालं म्हणून आला, यावर माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी घरात बोलत नाही. त्यानं चोच मारली, गुरुजी "शिवला!" म्हणाले आणि सासूबाई मटकन खाली बसल्या.

शब्द पाळला. टचस्क्रीन मी शेजारच्या दुकानदाराच्या मेहुण्याला अगदी मनापासून शिफारस करून दिला. माळ्यावरचा टेप पुसून बसवला, आणि पुढच्याच महिन्यात सासूबाईंना चार दिवस शिरूरला आणायला दौंडला गेलो. माझी बायको मागं बसली. सासूबाई पुढं, मामांच्या जागेवर. पाटस मागं पडलं, चौफुला आला. रेडिओवर जुनी गाणी लागली होती आणि त्या उसाकडं बघत होत्या. केडगावचं फाटक दिसलं तसा त्यांचा हात न बघता पुढं आला, डाव्या कानावर बसला आणि त्यांनी आवाज शून्यावर आणला. फाटक बंद होतं. गाडी धडधडत गेली, शेवटचा डबाही गेला, फाटक उघडलं, तरी हात तिथंच.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कावळा पयल्याच दमात आल्ता. तुमी उडीवला. समद्या दौंडात सांगितलंय मी."

मी तोंड उघडलं. त्यांनी कान पिळला आणि गाणं सुरू झालं.