घाटकोपरच्या भिंतीवर अनसूयाताई

मिरजेच्या स्टँडवर आईने भाकरीचं फडकं हातात दिलं आणि एवढंच विचारलं, "माफी मागायला चाललीस की भांडायला?"

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. ते खरंच ठरलं नव्हतं.

ज्यांच्याकडे निघाले होते त्या अनसूयाताई पूर्वी माझ्या वडिलांच्या, बापूंच्या छापखान्यात चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. अक्षरावर बोट ठेवणाऱ्या अनसूयाताईच. पुढे त्या मुंबईला गेल्या आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागल्या. पत्रं मात्र नेमाने येत. दिवाळीनंतरच्या पत्रात त्यांनी कळवलं, की घाटकोपरला उपनगरांतल्या कर्तबगार बायकांचं गौरव दालन उघडतंय आणि तिथे त्यांचाही फोटो लागणार आहे.

माझं डोकंच फिरलं. मी चार पानं लिहिली. सत्कार हा लढणाऱ्या माणसाला गप्प बसवण्याचा गोड उपाय आहे, वगैरे. त्यातलं एक वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं : "ज्या दिवशी तुमचा फोटो भिंतीवर चढेल, त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी संपलात." चार महिने झाले, उत्तर नाही.

सकाळी एसटीतून चेंबूरला उतरले. अनसूयाताई खोली बदलणार आहेत एवढं त्यांच्या शेवटच्या पत्रात होतं, नवा पत्ता माझ्याकडे नव्हता. म्हटलं, आधी दालन गाठावं, तिथे पत्ता मिळेल. बसने घाटकोपरला आले. डोंगराच्या पायथ्याशी, रेशन दुकानाच्या वर, एका महिला मंडळाची लांबट खोली. हेच ते दालन. संगमरवर, सोनेरी अक्षरं असं काय काय मी मनात धरून आले होते, चार टोमणेही तयार होते. इथे कोपऱ्यात शिवणयंत्रं होती, दोरीवर परकर वाळत होते आणि तीन भिंतींवर फोटो होते.

फोटोंखाली नवऱ्याचं नाव नव्हतं. बाईचं नाव आणि तिने काय केलं, एवढंच. बोरिवलीची सुईण. मुलुंडची कबड्डी खेळणारी. मी वाचत पुढे सरकत होते. तिसऱ्या भिंतीवर अगदी वर अनसूयाताई दिसल्या. खाली लिहिलं होतं : "मरोळच्या सात गाळ्यांत बायकांसाठी संडास बांधून घेतला."

आणि फोटोला चंदनाचा हार होता.

आपल्याकडे असा हार कोणत्या फोटोला घालतात, हे मी सांगायला नको. शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसले. चार महिने उत्तर का नाही, ते कळलं. माझं शेवटचं पत्र आणि त्यातलं ते वाक्य. मी हमसून रडायला लागले.

आतून एक जाडजूड बाई पदराला हात पुशीत आल्या. मंडळाच्या मालतीकाकू, सावंतवाडीकडच्या. "अगो चेडवा (मुली), रडतंस कित्याक?"

"अनसूयाताई... कधी गेल्या?"

"गेली? खंय गेली? शनिवारी हंयसर (इथे) येवन माझ्याशी भांडान गेली ती! ह्या हारावरसूनच."

मी वर पाहिलं. मग बाकीच्या भिंती पाहिल्या. सगळ्याच फोटोंना हार होते. खालचं वाचण्याच्या नादात मला एकच दिसला होता.

मंडळातल्या बायका घरबसल्या चंदनाच्या सालींचे हार करून दुकानाला देतात. उद्घाटनाला त्यांनी आपल्या हातचेच हार घातले. मी म्हटलं, "पण जिवंत बाईला?"

"तिघी गेलेल्या. त्यांकाच हार घालूचे आणि बाकीच्यांनी नुसता बघूचा? तां बरां दिसता? दालनात भेदभाव नाय."

"मग भांडण झाल्यावर ताईंचा तरी काढायचा!"

"शिडी खंय आसा? मंडपवालो घेवन गेलो."

मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. काकूंनी पुढ्यात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं (नारळाचं वाटण घातलेली आमटी) ठेवलं. त्या चवीचं मी आजवर काही खाल्लेलं नाही. भूकही तशी कधी लागली नव्हती.

पत्ता घेऊन मरोळची बस धरली. आनंदात साकीनाक्यालाच उतरले. पुढचा रस्ता चालत काढला, दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या गाळ्यांतून लोखंड कापायचा आवाज. एरवी मी त्या धुरावर एक पत्रक मनात लिहून काढलं असतं. त्या दिवशी नुसती चालले.

कारखान्याच्या फाटकाशी जेवणाची सुट्टी झालेली. डबा घेऊन पायरीवर बसलेल्या अनसूयाताई मला दुरूनच दिसल्या. दोन्ही गालांत घास होता.

"जय भीम, ताई."

"जय भीम... शोभे, तू? डोळे का सुजलेत गं?"

मी हाराचं सांगितलं. त्यांना हसताना ठसका लागला. "तूच लिहिलं होतंस ना, फोटो भिंतीवर चढला की संपलात म्हणून? खरं झालं बघ!"

"ताई, चुकलं माझं."

"ते नंतर. त्या खोलीत शिवणाला पोरी येतात. फोटोखालचं वाचतात. मग इथे येऊन मला विचारतात, बाई, आमच्या गाळ्यात कधी? परवा साकीनाक्याच्या दोघी आल्या होत्या. तुझं पत्रक घेऊन अजून कोणी आलेलं नाही."

मी विचारलं, "पण पत्राला उत्तर का नाही दिलं?"

"दिलं की. पाकिटात घालायचं राहिलं."

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी माझीच चार पानं काढली. त्यांवर पेन्सिलीने छापखान्यात प्रूफ तपासताना करतात तशा खुणा होत्या. ओळीमागून ओळ गाळलेली. ते आवडतं वाक्य तर दोनदा. शेवटच्या पानावर एक ओळ तेवढी शाबूत होती : "प्रकृतीला जपा."

"एवढंच छापण्यासारखं होतं," त्या म्हणाल्या आणि स्टोव्हला पंप मारू लागल्या.

ती पानं मी पिशवीत घातली आणि परतताना घाटकोपरला थांबले. टेबलावर स्टूल ठेवून चढले, मालतीकाकूंनी ते खालून घट्ट धरलं, आणि ताईंचा हार उतरवला. बाकीच्यांनी आपापलं काय ते ठरवावं. गाडीत बसल्यावर वाटलं, चार महिने मी लिहिलं नाही ते रागाने. त्यांनी उत्तर टाकलं नाही ते कामाच्या धबडग्यात. राग एकटीचाच होता. एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मिरजेला पोचल्यावर आईने विचारलं, "मग? माफी की भांडण?" मी ती चार पानं बापूंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली.

"प्रूफ चांगलं तपासलंय," ते म्हणाले.